तिसरं शील

त्या मे महिन्यात टीव्हीवर युद्ध चालू होतं आणि आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या बिल्डिंगमधले लोक क्रिकेटची मॅच बघावी तसे ते चवीने बघत होते. माझं डोकं सणकायचं. कारण ती तिकडे होती. ती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी, मिलिटरी हॉस्पिटलात नर्स, पोस्टिंग जम्मूला. लोकांसाठी माझी मैत्रीण. मैत्रीण कसली डोंबल, माझं तिच्यावर प्रेम होतं आणि तिचं माझ्यावर, आणि हे आम्हा दोघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

तिचा फोन चार दिवस बंद होता. काही बरंवाईट झालं तर काकूंना कळवणार, मी कोण लागते? म्हणून खोपटच्या लॅबमधली ड्यूटी संपली की मी निमित्त काढून काकूंकडे जायचे. बहुतेक वेळा विरजण मागायचे. काकू वाटी द्यायच्या, फोन नाही गं आला, एवढंच सांगायच्या. जास्त विचारलं तर संशय येईल म्हणून मी गुपचूप निघायचे. घरी रोजच्या दह्याला सगळे कंटाळले होते.

बुद्धविहारात रोज संध्याकाळी जवानांसाठी वंदना असायची. एक जण पंचशीलातलं एकेक शील सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. त्यात माझी एक लबाडी होती. व्यभिचारापासून दूर राहण्याचं तिसरं शील आलं की गेली दोन वर्षं मी ओठ मिटून घ्यायचे. आमचं प्रेम व्यभिचार आहे हे मला पटत नव्हतं, पण नाही असं छातीठोक म्हणायची हिंमतही नव्हती. मग खोटी शपथ कशाला घ्या? गर्दीत कोणाला कळतंय.

पाचव्या दिवशी शील सांगणारे गृहस्थ गावी गेलेले. कोणीतरी माइक माझ्याच हातात दिला. पहिल्या रांगेत काकू. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला मी थांबले. वाटलं, आत्ता खोटं बोलले तर तिकडे तिलाच काहीतरी होईल. असल्या गोष्टी मानायच्या नाहीत हे लहानपणापासून शिकलेले, पण भीतीला कुठे शिक्षण असतं? लोक माझ्याकडे बघायला लागले. शेवटी काकूंनीच बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात ते शील म्हटलं, आणि लोक त्यांच्या मागून म्हणाले. पुढची दोन मी कशीबशी उरकली.

बाहेर चपला घालताना काकू शेजारी आल्या. मी आपली सुरू झाले, सकाळपासून घसा बसलाय, लॅबमधला एसी बाधला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घसा तिचाही बसतो," त्या म्हणाल्या. "सुट्टीवर आली की घरी वंदना घेतो ना आम्ही, तेव्हा. बरोबर तिथेच."

संपलं, आता आईला कळणार, मग बिल्डिंगला. काकूंच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता आणि मायाही.

"आधी ती येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग दोघींना समोर बसवून विचारते."

दोन वर्षं मी याच प्रसंगाला टरकून होते. त्या संध्याकाळी जिना चढताना मात्र मनात एकच होतं, तो दिवस येऊ दे. काकूंनी काय वाटेल ते बोलावं, पण दोघींना बोलावं.