तिच्या हातात न अडकणारं पिस्तूल

पिस्तूल मी घेतलं ते कामठीच्या एका निवृत्त मेजरांकडून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं नागपूरच्या धंतोलीत ऑपरेशन झालं होतं, तरी लांबचं दिसत नव्हतं. निशाणाच दिसत नाही तर घरात हत्यार ठेवून काय करायचं, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं. बावीस बोअरचं, परदेशी बनावटीचं, नेमबाजीच्या स्पर्धांसाठीचं पिस्तूल. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात ज्युनियर इंजिनियर होतो. संध्याकाळी पत्ते कुटण्यापेक्षा बरं म्हणून शहराबाहेरच्या रायफल क्लबात जायला लागलो होतो. परवान्याचे सोपस्कार होऊन ते घरी आलं, तेव्हा बायकोनं त्याला हात लावण्याआधी हात धुतले होते, हे मला अजून आठवतं.

मेजरांनी मला अंगणात खाटेवर बसवून ते उघडून दाखवलं होतं. "ये रिव्हॉल्वर नहीं है, साहब," ते म्हणाले. "यात प्रत्येक गोळीनंतर मशीन स्वतः काम करतं. गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं हा वरचा भाग मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, पुढे जाताना नवीन काडतूस नळीत ढकलतो. तुम्ही फक्त घोडा दाबायचा. पण यातली एक गोष्ट बिनसली, की सगळं अडकतं."

म्हणून मी दर रविवारी सकाळी ते साफ करायला बसायचो. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाच्या चिंध्या, एक दात घासायचा ब्रश, नळीत घालायची सळई आणि शिलाई मशीनचं तेल. नागपूरच्या उन्हाळ्यात तेल जास्त झालं तर धूळ बसून त्याची पेस्ट होते, कमी झालं तर लोखंड खरखरतं. हे मी चुकत चुकत शिकलो. काडतुसं भरायच्या मॅगझिनची स्प्रिंग काढून पाहायचो, मॅगझिनच्या तोंडाचे ओठ वाकले आहेत का ते बोटानं चाचपायचो. शेजारचे लोक स्कूटर धुवायचे तसा मी पिस्तूल धुवायचो म्हणा.

आणि तरी ते माझ्या हातात अडकायचं.

दर वेळी नाही. पण मोक्याच्या वेळी हमखास. चांगल्या गोळ्या लागत आल्या की रिकामी पुंगळी वरच्या फटीत उभी अडकून बसायची. मी हात वर करायचो, बाजूचे लोक थांबायचे, मी ती नखानं काढायचो. क्लबचे सेक्रेटरी वकील होते. ते म्हणायचे, "भाऊ, काडतुसं देशी आहेत, दम नाही त्यांच्यात." मी तेच धरून बसलो. काडतुसं बदलली. मग स्प्रिंगवर संशय घेतला, ती बदलली. मग मॅगझिनवर. मेजरांनी मला म्हातारं घोडं विकलं, असंही एकदा बायकोजवळ बोलून गेलो.

त्या हिवाळ्यात क्लबची स्पर्धा होती. बायकांच्या गटात नावं कमी पडत होती आणि ठरावीक नावं आल्याशिवाय तो गट घेता येणार नव्हता. सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनीले आणा ना भाऊ. कागदावर नाव पाहिजे फक्त."

बायको कन्हानकडची. शेतकऱ्याची मुलगी. तिनं तोवर पिस्तूल चालवलं नव्हतं, फक्त माझ्या मांडीवर उघडलेलं पाहिलेलं. मी तिला दोन संध्याकाळी रेंजवर नेलं, उभं कसं राहायचं, श्वास कुठे धरायचा ते सांगितलं. तेवढंच. स्पर्धेच्या दिवशी तिनं साडीचा पदर कमरेला खोचला, पिस्तूल उचललं आणि एकामागून एक गोळ्या मारल्या. पुंगळ्या उजवीकडे सारख्या अंतरावर पडत गेल्या. एकही अडकली नाही. ती पहिली आली.

सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. सेक्रेटरी मोठ्यानं म्हणाले, "पिस्तूल वहिनींचं ऐकते, भाऊचं नाही ऐकत." लोक हसले. मी त्या वाक्यावर किती दिवस जळत होतो, ते कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

ती नियमित यायला लागली. माझ्या मागे स्कूटरवर बसून, डबा मांडीवर घेऊन. त्या डब्यात जेवण नसून पिस्तूल असायचं. मी आधी मारायचो, मग ती. माझ्या पाळीत ते अडकायचं, तिच्या पाळीत चालायचं. मी मनाशी हिशेब मांडायचो, की माझ्या गोळ्यांनी नळी गरम होते, तेल पसरतं, म्हणून तिला ते सुरळीत मिळतं. म्हणून एकदा मी तिला आधी मारायला लावलं. तिचं चाललं. मग मी उभा राहिलो, माझं अडकलं. तेच मॅगझिन, तीच काडतुसं, तीच संध्याकाळ.

एका रविवारी मी चिंध्या मांडल्या तेव्हा ती समोर येऊन बसली.

"अवो, आज मी करू का साफ?"

"तुला जमायचं नाही. स्प्रिंग उडाली तर सापडत नाही."

"मी पाहून राहिली ना किती दिवसांची. उडू नाही देत."

"राहू दे," मी म्हणालो. ती उठून गेली. साफसफाई तेवढी माझी उरली होती, तीही द्यायला मी तयार नव्हतो.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं राज्याच्या स्पर्धेला गेलो. पिस्तूल एकच, म्हणून सकाळी तिची पाळी आणि दुपारी माझी. सकाळी तिनं ब्राँझ मिळवलं. अनोळखी बायका तिच्या हातात हात घेऊन कौतुक करत होत्या. मी पिस्तूल पुसत बाजूला उभा होतो. तिचा हात गरम होता की काय कोण जाणे, पिस्तुलाची मूठ अजून उबदार लागत होती.

दुपारी माझ्या दुसऱ्याच मालिकेत, म्हणजे ठरावीक गोळ्यांच्या फेरीत, पुंगळी अडकली. मी हात वर केला. नियम असा होता, की दोष हत्याराचा असेल तर ती मालिका पुन्हा मारायला मिळते, दोष नेमबाजाचा असेल तर नाही. पंच आले. जाडजूड, शांत माणूस. त्यांनी पुंगळी काढली, पिस्तूल उलटंपालटं करून पाहिलं, माझंच मॅगझिन भरलं आणि स्वतः उभं राहून रिकामं केलं. सगळ्या गोळ्या गेल्या.

"हत्यार एकदम उत्तम ठेवलंय," ते म्हणाले. "दोष हत्याराचा नाही."

मागे खुर्च्यांवर बायको बसली होती. तिनं ते ऐकलं. मी मालिका सोडून दिली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर खिडकीला बसलो होतो. मग मी म्हणालो, "जुनं झालंय ते. दुसरं पाहावं लागेल."

"जुनं नाही झालं," ती म्हणाली. "अवो, तुमचं मनगट मागं जाते. गोळी सुटली का तुमचा हातच धक्क्यासंगं मागं जाते. मंग त्या वरच्या तुकड्याले पुरं मागं जायाले जोर कुठून भेटन? तो अर्ध्यातून परत येते अन् पुंगळी धरून ठेवते."

मी इंजिनियर. तरी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या उन्हाळ्यापासून पाहून राहिली."

"मग सांगितलं काहून नाही?" रागात माझ्याही तोंडून तिची बोली निघाली.

"तुम्ही मले विचारलं कधी?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तिला दिसत होतं याचाच मला जास्त राग आला. पदकापेक्षाही जास्त.

महिनाभर मी मनगट घट्ट धरून मारायचा प्रयत्न केला. हात थरथरायला लागला, निशाण भरकटलं. शेवटी धंतोलीत एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि विचारलं, "लहानपणी पडला होतात का?" पडलो होतो. चिंचेवरून. गावच्या हाड बसवणाऱ्यानं मनगट बांधलं होतं आणि घरच्यांनी ते बरं झालं असं मानलं होतं. "वाकडं जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "लिहायला, जेवायला काही अडणार नाही. पण धक्का सोसून ते ताठ राहणार नाही." डावा हात वापरून पाहिला. डाव्या हातानं मला साधं कुलूप उघडता येत नाही.

तिचं मनगट विहिरीवर बनलं होतं. माहेरी लहानपणापासून दोरानं घागरी ओढलेल्या. तिनं कधी त्याचं भांडवल केलं नाही. मीच रात्रंदिवस त्या मनगटाकडे पाहायचो, पोळी लाटताना, बादली उचलताना, कपडे पिळताना. असं एक मनगट एकाच घरात असून ते आपलं नसावं, याचा त्रास विचित्र असतो.

परवाना तिच्या नावावर करून घेतला. साफसफाई माझ्याकडे राहिली, परवान्यावर माझंही नाव असल्यामुळे कायद्याचं काही अडलं नाही. ती मारायची, मी मागे बसायचो. ती वाईट मारायची त्या दिवशी मला बरं वाटायचं, आणि घरी येताना मीच तिची समजूत घालायचो. दोन्ही खरं होतं.

नंतर एका मोठ्या स्पर्धेत, ती पदकाच्या अगदी जवळ असताना, तिच्या हातातलं पिस्तूल थांबलं. पुंगळी अडकली नव्हती. घोडा दाबला आणि नुसता टक् आवाज आला. तिनं हात वर केला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "बाईंचा हात ढिला पडला." मी त्याला म्हणालो, "तिचा हात ढिला पडत नाही." इतक्या जोरात म्हणालो की पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं.

पंचांनी पिस्तूल उघडलं. काडतुसाच्या कडेवर घाव घालणारी पिन टोकाला झिजून तुटली होती. दोष हत्याराचा. तिला मालिका पुन्हा मिळाली, पण उसन्या पिस्तुलावर, आणि त्या मुठीत तिचा हात बसला नाही. पदक गेलं.

बाहेर कडुनिंबाखाली ती पिस्तुलाच्या डब्यावर बसली. डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही पाहाले पाहिजे होतं ना. ते तं तुमचं काम होतं."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आत कुठेतरी, त्या पिस्तुलात माझाही वाटा आहे आणि तो चुकू शकतो, हे तिनं धरून चालल्याचं मला एवढं बरं वाटलं, की मी तिच्यासाठी लिंबू सरबत आणायला गेलो आणि दोन ग्लास स्वतःच पिऊन आलो. तिच्यासाठी तिसरा.

तसली पिन कुठे मिळेना. शेवटी एका ओळखीच्या लेथवाल्याकडून नमुना देऊन करून घेतली, तापवून पाणी दिलेली, घासून गुळगुळीत केलेली. तिचं टोक मी भिंगाखाली पाहिलं, मगच बसवली. रविवारी आम्ही रेंजवर गेलो. तिनं मॅगझिन भरलं आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं.

"पयले तुम्ही."

मी मारली. पिन छान चालली. गोळी कागदाला लागली आणि पुंगळी फटीत उभी अडकली.

ती हसली. मीही हसलो, तिच्यापेक्षा जरा कमी.