अर्धा कोयता

सरूअक्कांना कुठलीही गोष्ट तीनदा विचारायची सवय होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला गाव विचारलं. मी अंबाजोगाई म्हणालो. पाणी देताना त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझा आवाज जरा चढला. भाकरी वाढताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी मुकाट्याने कबूल केलं, की मूळ गाव युसूफ वडगावच्या पलीकडचं एक खेडं आहे आणि अंबाजोगाईत आम्ही भाड्याने राहतो. अक्का समाधानाने म्हणाल्या, "एकदा इचारलं की माणूस बोलतंय, दुसऱ्यांदा इचारलं की चिडतंय, तिसऱ्यांदा इचारलं की खरं सांगतंय." कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या माझी अशी ताटावर उलटतपासणी झाली, याचा मला रागच आला होता.

अक्का सिरसाळ्याजवळच्या एका गावात वसतिगृह सांभाळत. वसतिगृह दूध संस्थेचं होतं; त्याच संस्थेत मी कॉम्प्युटरच्या कामावर नोकरीला लागलो होतो. दुष्काळाने जनावरं विकली गेली, दूध आटलं, तेव्हा संस्थेच्या सभासदांनी रिकाम्या संकलन केंद्रात चाळीस खाटा टाकल्या. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले, की त्यांच्या मुलांनी तिथे राहायचं आणि गावच्या शाळेत जायचं. अक्कांनी स्वतः वीस हंगाम ऊस तोडला होता. कंबर कामातून गेली, डॉक्टरांनी घागरसुद्धा उचलू नका म्हणून बजावलं, तेव्हा कुठे त्या थांबल्या. एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने त्या चाळीस पोरांच्या वेण्या, भाकरी आणि भांडणं आवरत.

त्या वर्षी पाऊस इतका कमी झाला, की ज्यांनी कधी गाव सोडलं नव्हतं तेही निघाले. चाळीस जागांसाठी दुपटीहून जास्त मुलं. प्रत्येक संचालक आपापल्या वाडीचं नाव पुढे करू लागला. शेवटी अध्यक्ष, ज्यांना सगळे तात्या म्हणत, वैतागून म्हणाले, "माणसानं निवडलं की बोट दाखवत्यात. मशिनीला निवडू द्या." ती मशीन म्हणजे मी बसवलेला प्रोग्राम. आईबापाने फोनसमोर आपली परिस्थिती सांगायची, प्रोग्रामने ते लिहून घ्यायचं आणि कुणाचं शिक्षण सुटायचा धोका किती, याचे गुण द्यायचे. कुणाची चिठ्ठी नाही, कुणाचा वशिला नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

अक्का दोन दिवस शेजारी बसून सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्याला परत इचारता येतंय का?"

"गरज नाही अक्का. ते एकदाच बरोबर ऐकतं."

"मग ते आपल्यापरीस लई हुशार असंल," त्या म्हणाल्या, "न्हाईतर लई येडं."

यादी लागली त्या सकाळी अक्का फळ्यासमोर बोट फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. नववीतल्या सुनीताचं नाव नव्हतं. वर्गात पहिली येणारी, गणिताची वही जपून ठेवणारी मुलगी. तिच्या बापाचा, बिभीषणचा, ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"सुनीता कावून न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"गुण कमी पडले."

"कावून कमी पडले?"

"अक्का, मशीनने ठरवलंय. मी हात लावला तर बाकीचे मला सोडतील का?"

त्यांनी कंबर धरली आणि खाली बसल्या. "कावून न्हाई, ते सांग."

मी चडफडत बिभीषणची नोंद उघडली. आधी प्रोग्रामने लिहिलेलं वाचलं: 'अवजार अर्धे, मोडलेले. स्थलांतराची शक्यता कमी.' मग त्याचा आवाज लावला. बिभीषण एकच वाक्य बोलला होता, "आमचा यंदा अर्धाच कोयता हाय, साहेब." पुढे नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी ते वाक्य पुन्हा लावलं. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊस तोडायला जाणारं नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. दोघांतलं एक माणूस नसलं, की तो अर्धा कोयता. बिभीषणची बायको वैशाखात वारली होती. टोळी नेणाऱ्या मुकादमाला अर्धा कोयता नको असतो, म्हणजे तो पुरा करायला सुनीता जाणार होती. एकदा उसाच्या फडात गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही, तिचं लग्नच होतं. प्रोग्रामला शेतीच्या शब्दांची यादी मीच दिली होती. कुळव, पाभर, तिफण आणि त्याच रांगेत कोयता. हा शब्द मला पाळण्यापासून माहीत होता. शिकायच्या नादात मी तो विसरून बसलो होतो.

दुपारी तात्यांनी संचालकांना बोलावलं. अक्कांनी सुनीताचं नाव काढताच एक जण म्हणाला, "बिभीषण तुमचा चुलतभाऊ न्हवं का, अक्का? ह्याच्यासाठीच तर मशीन आणली."

"हाय की भाऊ. म्हणून तर म्हणते, माझं ऐकू नका. त्याचं ऐका."

मी आवाज लावला. ते एक वाक्य संपलं. तिथल्या प्रत्येकाला अर्थ कळला होता. मग मी प्रोग्रामने लिहिलेलं वाचलं. एक जण हसला आणि लगेच खाली बघू लागला.

"चूक कुणाची?" तात्यांनी मला विचारलं.

"मशीनची," मी म्हणालो. नोकरी जाईल अशी मला भीती वाटत होती.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, भाकरी वाढताना बघत तशाच. "कुणाची, लेकरा?"

"तिला मराठी नीट येत नाही, अक्का."

"शिकिवलं कुणी?"

"मी," मी म्हणालो. "चूक माझी आहे, तात्या."

तात्यांनी मला काढलं नाही. सगळ्यांसमोर शब्द दुरुस्त करून यादी पुन्हा चालवायला लावली. सुनीताचं नाव पहिलं आलं आणि चाळिसावी होती ती तिसरीतली एक लहानगी यादीबाहेर पडली. खाट वाढवायला मात्र तात्या तयार होईनात. एक वाढवली, की उद्या दहा मागतील. माझी चूक निस्तरली आणि ती दुसऱ्याच पोरीच्या अंगावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावतच सिरसाळ्याच्या रस्त्यावर गेलो, बिभीषणला सांगायला, की सुनीता राहिली. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळ्या आणि माणसं भरली होती. सुनीता दप्तर छातीशी धरून खाली उभी होती आणि रडत होती. वर, बिभीषणच्या शेजारी, फडकं बांधलेला कोयता मांडीवर घेऊन सरूअक्का बसल्या होत्या.

"अक्का, उतरा खाली. तुमची कंबर..."

"मुकादम आडून बसला. अर्धा नेत न्हाई म्हणला."

"म्हणून तुम्ही?"

"तूच तर तुझ्या मशिनीला शिकिवलंस ना काल, कोयता म्हंजी दोन माणसं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग एका रातीत दुसरं माणूस कुठून आणायचं, ते सांगती का ती?"

ट्रक सुरू झाला तशा त्या वाकून म्हणाल्या, "माझी खाट रिकामी झाली. यादीतून पडलेलं लेकरू तिथं निजव."

त्या लहानगीची पेटी मी स्वतः अक्कांच्या खोलीत नेऊन ठेवली. अक्का चैत्रात परतल्या, त्या बिभीषणचा खांदा धरून. नंतर त्यांची कंबर कधी सरळ झाली नाही आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. सुनीता दहावी झाली. मशीन अजून यादी करते, आणि चांगली करते. लोक माझं कौतुक करतात, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं. चूक मी केली होती आणि ऊस अक्कांनी तोडला.