कप्तानाच्या मागचा माणूस

पहिली पाळी सुटली की शेंद्र्याच्या एमआयडीसीतून शहरात येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. मी स्टोअरला, तो पत्रे दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपला. दोन वर्षं शेजारी बसलो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या वेळेला दोघांच्याही अंगात तेवढं त्राण नसायचं.

बसला की तो बुटाच्या नाड्या सैल करायचा, हात पँटला पुसायचा आणि मोबाइलवर अंतराळयानाची एक जुनी मालिका लावायचा. आवाज बंद. संवाद त्याला पाठ होते.

"किती वेळा बघणार?" मी एकदा विचारलं.

"चौथी खेप चालू हाय." त्यानं पडद्यावर कप्तानाच्या मागं बोट ठेवलं. तिथं राखाडी कपड्यातला एक जण बटणांच्या पॅनलसमोर उभा होता. "मी ह्याला बघतो. यानाला आग लागू द्या, लढाई होऊ द्या, हा मशीन सोडत नाय. एक शब्द बी बोलत नाय."

"का सोडत नाही?"

"पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याबिगर कसं सोडणार? आपल्याकडं बी तसंच हाय ना. सगळे भाग बघितले मी. ह्याचा रिलिव्हर काय आला नाय."

परवा त्याची जागा रिकामी होती. पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही, म्हणून त्याला डबल ड्यूटी लागली, असं प्रेस शॉपचा एक जण म्हणाला. ड्रायव्हरनं दोन मिनिटं वाट पाहून बस काढली.

घरी आल्यावर मी ती मालिका लावली. अख्खा भाग पाहिला. कप्तान काय बोलला, ते मला सांगता येणार नाही.