मंगळवारच्या वर्गाच्या जीनबाई

आज सकाळी जीनबाई गेल्या.

त्यांची शाळा दोन वर्षं आधीच गेली होती. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी कळू दिलं नाही.

वर्गात सगळ्या त्यांना नुसतं जीन म्हणायच्या. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून माझ्यासाठी त्या जीनबाई.

लग्न होऊन नागपूरहून इथे इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्समध्ये आले, तेव्हा माझ्याकडे मराठीतलं एम.ए. होतं आणि इंग्रजीची चार वाक्यं.

एकदा मुलीला ताप भरला. नवरा हॉस्पिटलमध्ये शिफ्टवर. मी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन लावला. रिसेप्शनिस्ट तीनदा "सॉरी?" म्हणाली.

चौथ्यांदा मी फोन ठेवून दिला. मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत रडत बसले.

त्या रविवारी विहारात शोभाकाकूंना हे सांगितलं. त्या भंडाऱ्याच्या, इथे मुलाकडे राहायच्या.

"अगं, लायब्ररीच्या वर युनिव्हर्सिटीची इंग्रजीची शाळा आहे. मी साठीची जाते, तुला काय धाड भरलीय?"

जीनबाई युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायच्या. त्यांच्या कॉरिडॉरमध्ये सफाई करणाऱ्या बाईचे हात एकदा केमिकलने भाजले. बाटलीवर सूचना होती. तिला वाचता येत नव्हती.

जीनबाई तडक डिपार्टमेंटच्या हेडकडे गेल्या. "आपण अख्ख्या जगाला इंग्रजी शिकवतो आणि आपली फरशी पुसणाऱ्या बाईला नाही?"

त्यातून ही शाळा झाली. लायब्ररीच्या वर दोन खोल्या, मंगळवार आणि गुरुवार सकाळ. कोणीही यावं. बाहेर पॅसेजमध्ये बाबागाड्यांची रांग, आत बायका.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पाठीला पाठ लावून खुर्ची टाकली. "मी रिसेप्शनिस्ट. तू फोन कर."

आणि खरंच खडूसपणे म्हणाल्या, "सॉरी? मला कळत नाही."

मी कानाजवळचा हात खाली घेतला.

"फोन ठेवायचा नाही. तिला कळत नाही, ही तिची अडचण आहे. पुन्हा सांग."

महिन्याभरात मी जीपीला फोन केला. काही वर्षांनी हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर नोकरीला लागले. मंगळवारची सुट्टी मागून घेतली आणि वर्गात मदतीला जाऊ लागले.

शोभाकाकू एकदा पेरेंट्स इव्हनिंगला नातीच्या टीचरशी एकट्या बोलून आल्या. नात तिच्या मोडक्या मराठीत सगळ्यांना सांगत सुटली, "आजी इंग्लिश बोलला! सगळा आजीच बोलला!"

काकू आठवडाभर जमिनीवर नव्हत्या.

मग जीनबाई रिटायर झाल्या. हात थरथरायला लागले, पाय गेले, केअर होम आलं.

त्यांच्यामागे आधी गुरुवार बंद झाला. मग खोल्या दुसऱ्या कामाला लागल्या. मग आम्हाला एक लिंक आली. वर्ग आता ऑनलाइन.

ज्या घरात एकच फोन आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथली बाई लिंक कुठे उघडणार? वर्गात चार-पाच चेहरे उरले. मग युनिव्हर्सिटीचं पत्र आलं, की पुरेशी मागणी दिसत नाही.

मीटिंग मागितली. मिळाली. मी दहा मिनिटं बोलले. बाटली, भाजलेले हात, माझा तो फोन, शोभाकाकू. एकदाही अडखळले नाही.

समोरचा माणूस मनापासून हसला. "तुमचं इंग्लिश एक्सलंट आहे."

मला वाटलं, आपण जिंकलो.

पुढे तो म्हणाला, "म्हणजे या प्रोजेक्टने आपलं काम पूर्ण केलंय."

महिन्याभरात शाळा बंद.

शोभाकाकूंना दुसरा वर्ग शोधून देते म्हटलं. तो दोन बस बदलून होता. "राहू दे गं, आता कशाला," म्हणाल्या. हळूहळू त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं.

शाळा बंद झाली त्याच आठवड्यात मी केअर होमला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते.

जीनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "मंगळवारी किती आल्या?"

"चौदा," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की शाळा बंद झाल्याचं मी सांगितलंच नाही.

मग दर भेटीत तेच. नवी टीचर कशी आहे? चांगली आहे, वेल्सची आहे. नव्या कोण आल्या? फरीदा आली. तिला भूतकाळ जमत नाही.

फरीदा नावाची कोणी नव्हतीच.

जीनबाईंनी थरथरत्या हाताने तिच्यासाठी वर्कशीट लिहिलं. एक पान लिहायला दोन दिवस लागले, असं नर्स म्हणाली.

मी ते घरी आणलं. पुढचीही आणली. कपाटात अख्खी फाइल झाली आहे.

वाटायचं, आता सांगू, मग सांगू. दोन वर्षं गेली.

आज त्यांच्या भाचीचा, हेलनचा, फोन आला. आधी बातमी. मग म्हणाली, "आंटीने लिहून ठेवलंय, फ्युनरलला पहिल्या रांगेत मंगळवारच्या वर्गातल्या बायका हव्यात. किती खुर्च्या राखून ठेवू?"

मी फोन कानावरून खाली घेतला.

"हॅलो? आहेस ना?"

"हेलन, वर्ग नाहीये. दोन वर्षं झाली."

सगळं सांगितलं.

"म्हणजे कोणीच नाही?"

मी जुन्या ग्रुपवर मेसेज टाकला. अर्धे नंबर बंद. काही जणी दुसऱ्या शहरात. पाच जणींनी हात जोडलेले इमोजी टाकले. येते, असं कोणीच म्हणालं नाही. फ्युनरल वर्किंग डेलाच असणार, त्यांचंही खरं आहे.

शोभाकाकूंना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी हेलनला परत फोन केला.

"एक खुर्ची ठेव," म्हणाले.

जीनबाई, शाळा बंद झाली आहे.

जड मनाने, शेवटचा नमस्कार.