मंगल कार्यालयाबाहेरची ओळख

डॉक्टर वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट पेठ वडगावात, एका मंगल कार्यालयाच्या फाटकाबाहेर झाली. आत माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न लागत होतं आणि मी बाहेर पाच वर्षांच्या गौरीला, माझ्या लेकीला, कवटाळून उभी होते. बँड वाजला की ती किंचाळायची, चावायची. येणारे-जाणारे सुनावून जात होते, "लई लाडावून ठिवलीया पोरीला!" ताई वरपक्षाकडून आल्या होत्या. "चला, जरा लांब जाऊ," एवढंच म्हणाल्या. आवाज मागं पडला तशी गौरी निवळली. ताईंनी ते नेमकं टिपलं; मी नुसती रडत होते.

तोवर आम्ही दवाखाने पालथे घातले होते. एकांनी हट्टीपणा ठरवला, एकांनी गुंगीचं औषध दिलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दृष्ट काढून दमल्या. पोरीला झालंय तरी काय, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. ताईंच्या दवाखान्यात मी पहिल्याच दिवशी भांडले, "नाव सांगा की आजाराचं!"

"घाईनं चुकीचं नाव दिलं तर फुकटचा मार हीच खाईल. मला हिला अजून बघू द्या," ताई शांतपणे म्हणाल्या.

आणि त्यांनी खरोखर बघितलं. चटईवर तिच्याशेजारी गप्प बसून राहिल्या. ही रमते कुठं, असं त्यांनी विचारलं. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढतात तिथं, असं मी सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी ताई कट्ट्यावर हजर! गौरी धारेचा आवाज ऐकत निवांत उभी होती. इतक्यात कुणाच्यातरी हातून दुधाची चरवी निसटून फरशीवर आदळली आणि ती कान दाबून पळत सुटली.

"आलं बघा अंगात!" सोबत आलेल्या आत्याबाई ओरडल्या.

"अंगात न्हाय आजी, आवाज सोसंना तिला," ताई म्हणाल्या.

पुढे कान तपासून, शाळेत तिच्या बाकाजवळ बसून, मगच त्यांनी सांगितलं, स्वमग्नता. "बरी होईल न्हवं?" मी विचारलं. "खोटं सांगणार नाही. ही अशीच राहील. पण तिला काय टोचतं, ते आता आपल्याला कळलंय." मला हायसंही वाटलं आणि रडूही आलं.

आज मी ताईंच्याच दवाखान्यात नव्या पालकांशी बोलायचं काम करते. गौरी कॉलेजच्या वयाची झाली. माझी एक आस मात्र राहिलीच. लेकीशेजारी बसून एखादं कार्य पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावं, बस्स. नात्यातली सगळी लग्नं मी फाटकाबाहेरून बघितली. अक्षता मुठीतच राहिल्या. हे कधीतरी ताईंजवळ बोलले होते.

परवा ताईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराची बैठक झाली, तिथं त्यांनी अट घातली. बँड नको, माइक हळू ठेवा, टाळ्या नकोत, हात नुसते वर करून हलवा. "टाळ्यांबिगर कसला सत्कार ओ?" संयोजक म्हणाले. "मग करूच नका!" ताईंनी ठणकावलं, आणि पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवायला लावल्या.

ताई, पंचाहत्तरीनंतरही तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. अजून कितीतरी आयांना तुम्हांला फाटकातून आत आणायचंय. आणि मंडळी, त्या दिवशी तेवढ्या टाळ्या आवरा. मला आत बसायचंय, लेकीशेजारी.