मागच्या दारानं आणलेली आई

त्या दिवशी माझ्या पायाला भिंगरीच लागली होती. वर्ध्याच्या सभागृहात आम्हा बारा जणींच्या चित्रांचं प्रदर्शन, विषय स्त्रीत्वाचा, आणि जोडीला कथ्थक. मी सेलूच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझं चित्र पहिल्यांदाच असं भिंतीवर लागत होतं. चित्र आईचं. कपाशी वेचून बांधावर टेकलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाबा होते तेव्हाची.

पण माझा जीव चित्रात नव्हता, दारात होता. दारात हळदीकुंकवाचं ताट होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईचं स्वागत कुंकू लावून करायचं, ही टूम बैठकीत कोणी काढली? मीच! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही फुगले. त्याच संध्याकाळी आईला फोन करून बोलावलं, आणि फोन ठेवता ठेवता लख्ख उजेड पडला. बाबा गेल्यापासून आईचं कपाळ कोरं आहे. आमच्याकडे अशा बाईसमोर ताट आलं की ताट धरणारी थबकते, आणि बाई आपणहून बाजूला सरकते. लग्नात, बारशात, शंभरदा पाहिलंय. सरकलेल्या आईला पाहून मी दर वेळी मान फिरवलीय, हेही सांगून टाकते.

"ताट काढू या का?" असं मी आयोजक बाईंना विचारून पाहिलं.

"अहो, तुमचीच तर कल्पना!"

घ्या! आपल्याच हातानं पायावर धोंडा. कारण सांगायला माझं तोंड उघडेना.

आर्वीची एसटी चारला यायची होती. चार वाजले, साडेचार वाजले. मी दारात जाई, ताट पाही, परत येई. ताट धरलेली आमच्यातलीच एक चित्रकार वैतागली, "अगं, बस ना एका जागी!"

शेवटी आई फाटकाशी दिसली. ठेवणीतलं पातळ, हातात पिशवी. मी धावत गेले, तिचा दंड धरला आणि सभागृहाला वळसा घालून तिला मागच्या दाराकडे नेलं.

"इकून काऊन वं?"

"समोर गर्दी हाय, माय."

गर्दी कसली, चार माणसं होती. मागच्या खोलीत नर्तकी घुंगरू बांधत बसली होती. आईनं दारात चपला काढल्या आणि तिच्या पायांकडे पाहत राहिली. "लय जड असन नाई बाई हे?" नर्तकी हसली.

नाच सुरू झाला. नर्तकीनं हवेतच आरसा धरला, केस विंचरले, अनामिकेनं कपाळावर कुंकू टेकवलं. मी मान फिरवली. आई मात्र एकटक पाहत होती.

नाच संपल्यावर ती चित्रापुढे उभी राहिली. किती वेळ! मी नखं खात होते.

"बाप्पा! हे मी?"

"तूच."

"वेचून आल्यावर एवढी हसत नव्हती मी."

तेवढ्यात तिची नजर समोरच्या दाराकडे गेली. उशिरा आलेल्या दोघींना तिथं कुंकू लागत होतं. आईनं ते पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणून मागून आणलं मले?"

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले. तिनं ती दिली नाही.

"भिंतीवर एवढं मोठं लावलं, अन् दारात भ्याली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तरातरा निघाली. चपला मागच्या दारात, आणि ही अनवाणीच समोरच्या दारानं बाहेर. वाटलं, रुसून एसटी गाठते आता. पण पायरी उतरून ती वळली आणि ताटासमोर येऊन उभी राहिली. ताट धरणारीचा हात थबकला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तिले काऊन तरास? तू लाव," आई मला म्हणाली.

मी कुंकवात बोट बुडवलं. बोट असं थरथरत होतं, की कुंकू पार भुवईकडे घसरलं. आईनं पुसलं नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिरपं लागलं असन. तुले चित्रातच सरळ येते."