तानीने उघडा ठेवलेला चर

तानी ओव्हेलारला मी ओळखत होतो, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकवीस वर्षे तो आमच्या समोर राहिला. त्याचे गाव कोणते, लग्न का केले नाही, रविवारी तो कोणाकडे जेवतो, यातले काहीही मी कधी विचारले नाही. तोही सांगणाऱ्यातला नव्हता. गेल्या ऑगस्टात तो गेला, तेव्हा त्याचे खरे नाव एस्तानिस्लाओ आहे हे मला शवपेटीवरच्या पाटीवरून कळले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आकडे लिहिण्यापलीकडे मी आयुष्यात फारसे काही लिहिलेले नाही. त्याच्याबद्दल दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

तानी वायरमन होता. वायरमनचे पोट हुशारीवर कमी आणि विश्वासावर जास्त चालते. घरात कोणी नसताना तो आत शिरतो, माळ्यावर चढतो, कपाटामागे हात घालतो. आमच्या अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या तानीकडे असत. दाराच्या मागे एका फळीवर खिळे ठोकून त्याने त्या टांगल्या होत्या. नाव कशावरच लिहिलेले नव्हते. कोणती कोणाची हे त्याला ठाऊक असे.

माझी बायको एर्मेलिंदा हिला दम्यामुळे पत्र्याखाली बसवत नाही. उन्हाळाभर तिची खाट अंगणात, आंब्याखाली असते. तिला तिथे मालिका बघायची होती, आणि रविवारी फुटबॉल. मी टीव्ही बाहेर नेऊन लोखंडी घोडीवर ठेवला आणि खिडकीतून एक लांब वायर गवतावरून ओढली. आठवडाभर मी स्वतःवर खूष होतो. मग पाऊस झाला, आणि घोडीला हात लावल्यावर एर्मेलिंदाच्या बोटांना मुंग्या आल्या.

तानी आला तो नमस्कारही न करता आधी घरात गेला आणि बटण बंद करून आला.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“काराई फुल्हेन्सिओ, न्या एर्मेलिंदा अजून भांडताहेत तुमच्याशी, यातच देवाची कृपा समजा.” आमच्याकडे मानाने पुरुषाला काराई म्हणतात, बाईला न्या.

“भांडतेय म्हणून तर जिवंत आहे,” खाटेवरून ती म्हणाली.

वायर जमिनीखालूनच न्यायची, असे त्याने ठरवले. विजेची वायर एका पाइपातून, टीव्हीच्या चित्राची दुसऱ्या पाइपातून, मध्ये वीतभर अंतर. नाहीतर चित्राला विजेची बाधा होते म्हणे. सोमवारी पहाटे तो कुदळ घेऊन आला आणि एक शब्द न बोलता खणू लागला.

इथेच घोटाळा झाला. आमच्या पाराग्वेत अंगण खणणारा माणूस वायर टाकतोय, यावर कोण विश्वास ठेवील? दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या युद्धात पळताना लोकांनी सोने-चांदी पुरून ठेवली ती अजून जमिनीत आहे, हे इथल्या पोराबाळांनाही माहीत. आणि गुप्तधन खणताना बोलायचे नसते, बोलले की त्याचा कोळसा होतो, हेही माहीत. तानी जन्मजात मुका असल्यासारखा वागणारा. त्यात त्याचा चर आंब्यापाशी सरळ जाण्याऐवजी मोठा वळसा घेऊन गेला.

कुंपणापलीकडच्या न्या बाऊदिलियाने दोन दिवस हे पाहिले. तिसऱ्या दिवशी तिने मला फाटकापाशी गाठले.

“वळला कशाला हो तो?”

“आंब्याचं मूळ आहे तिथे. तोडायचं नाही म्हणाला.”

“मूळ! आणि रोज संध्याकाळी गोणी नेतो मोटारसायकलवरून, तिच्यात काय मुळं असतात? काल मागचं चाक बसलं होतं त्याचं.”

मी हसून टाकले. पण रात्रभर ती गोणी माझ्या उशाशी बसून राहिली. सकाळी एर्मेलिंदाला सांगितले, तर ती म्हणाली, “चाळीस वर्षं माझ्या कोंबड्या हे अंगण उकरताहेत. सोनं असतं तर त्यांनी कधीच काढलं असतं.”

तोवर गल्लीत बोभाटा झाला होता. बाऊदिलियाने तानीकडून किल्ली परत मागवली. दुपारपर्यंत आणखी चौघांनी मागवल्या. तानीने एकालाही कारण विचारले नाही. फळीवरून काढून हातात ठेवली, एवढेच.

मी किल्ली मागितली नाही. मी त्याहून वाईट केले. संध्याकाळी तो गोणी मोटारसायकलला बांधत होता, तेव्हा मी जवळ गेलो आणि स्वतःचे बूट बघत म्हणालो, “तानी, हिच्यात काय आहे रे?”

 त्याने दोरी सोडली, गोणी उलटी केली आणि सगळे माझ्या पायांपाशी ओतले. दगड होते. लाल मातीतले साधे, धारदार दगड.

“पाइपाखाली दगड राहिला तर वरच्या वजनाने पाइप कापतो,” तो म्हणाला. “म्हणून वेचून काढतो आणि खाली वाळू टाकतो. माझ्या फाटकापुढे खड्डा आहे, तिथे भरतो हे.”

मी घाईघाईने गुआंपा, म्हणजे आमचा शिंगाचा पेला, तेरेरेच्या पाल्याने भरली, बर्फाचे पाणी ओतले, पुढे केली. अंगणात एकाच गुआंपातून सगळे पितात. ती नाकारणे म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्याने तळहात आडवा केला आणि दगड परत गोणीत भरू लागला. मी वाकून मदत करायला हवी होती. मी गुआंपा धरून उभा राहिलो.

शनिवारी दोन्ही पाइप टाकून झाले. चित्राची वायर ओढताना तो एर्मेलिंदाशी मात्र बोलत होता. “ही बाई नाजूक आहे, न्या एर्मेलिंदा. एकदम वळवली तर मोडते. म्हणून वळणं अशी मोठी घ्यायची.” घरातल्या पेटीत त्याने एक बटण बसवले, कुठे वीज मातीत उतरली तर ते आपोआप पडते. फक्त बुजवायचे राहिले होते.

“बुजवत नाही,” तो म्हणाला. “उद्या सामना बघायला लोक येतील ना? सगळ्यांनी आत बघू दे. मग बुजवतो.”

रविवारी दुपारी अख्खी गल्ली आली. चिपाच्या, म्हणजे चीजच्या पावांच्या, टोपल्या आल्या, खुर्च्या आल्या. आणि सामना सुरू व्हायच्या आधी एकेक माणूस चराच्या कडेने चालत गेला, जणू मयताला आला आहे. वाळू, दोन पाइप, वर ठेवायच्या विटांची रांग. वळसा जिथे होता तिथे माझ्या मांडीएवढे जाड मूळ, त्यावर ओरखडासुद्धा नाही. बाऊदिलिया तिथे बराच वेळ उभी राहिली.

“किती नीट केलंय,” ती शेवटी म्हणाली.

“नीट बघा, न्या बाऊदिलिया,” एर्मेलिंदा खाटेवरून ओरडली, “एखादं नाणं राहिलं असेल!”

लोक हसले. तानी हसला नाही. तो एकटा फाटकाला टेकून उभा होता. सगळ्यांपासून चार पावलांवर.

माफी मागणे मला कधी जमले नाही.  मी घरात गेलो, खिळ्यावरची दुसरी किल्ली घेतली. ती त्याच्याकडे कधीच नव्हती, कारण आमच्याकडे कोणी ना कोणी घरी असतेच. सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून मी ती त्याच्या हातात ठेवली.

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. “तुम्ही कुलूप लावता कधी?”

“नाही.”

“मग?”

“राहू दे तुझ्याकडे.”

त्याने ती खिशात टाकली. थोड्या वेळाने बाऊदिलियानेही रुमालात बांधून आणलेली तिची किल्ली काढून त्याला दिली. बाकीच्या किल्ल्या महिन्याभरात फळीवर परत गेल्या. त्या दिवशी आपला संघ हरला. मध्यंतरात मी गुआंपा भरून नेली, तेव्हा तानीने ती घेतली, रिकामी करून परत दिली आणि म्हणाला, “पाणी अजून गार हवं.”

माझा तो प्रश्न तो मनातून विसरला की नाही, मला माहीत नाही. विचारले नाही.

गेल्या ऑगस्टात, आजारी पडायच्या आठवडाभर आधी, तो आमच्या कुंपणाशी थांबला.

“काराई, चित्राच्या पाइपात मी एक दोरी सोडून ठेवली होती. आहे ना?”

“आहे.”

“काढू नका. वायर बदलायची झाली तर तिला बांधून ओढायची. पुन्हा खणायला नको.”

“नाही काढत.”

“आणि तुमचा कुत्रा पाइपाचं तोंड चावतो. बांधत जा त्याला.”

“बांधतो,” मी म्हणालो.